सेकंड पीयूचा निकाल आणि आमचं पोरगं

सेकंड पीयूत, म्हणजे आमच्या कर्नाटकातल्या बारावीत, भाच्याला फिजिक्स-मॅथ्सला फारच कमी मार्क पडले, सकाळपासून जेवला नाही, म्हणून संध्याकाळी त्याला घेऊन बेळगावच्या टिळकवाडीतनं चालत सुटले. म्हणाला, मावशी, इंजिनिअरिंग संपलंच की आता. म्हटलं संपतंय कुठं, इंजिनिअरिंगच्या रँकला पीयूचे निम्मे नि सीईटीचे, म्हणजे प्रवेश परीक्षेचे, निम्मे मार्क धरतात, आणि २०२४ पासून एक्झाम टू पण आहे, त्याच वर्षी परत परीक्षा देता येते, ज्यात जास्त पडतील तेच मार्क राहतात. आमच्या बॅचच्या किती पोरींची एका खराब निकालावर शाळा सुटली नि लग्नं झाली, अजून वाईट वाटतं मला.
आणि निकालादिवशी फोन करून "किती पडले" विचारू नका हो, पोरं आधीच खचलेली असतात.
रात्री दोन भाकऱ्या खाल्ल्या त्यानं. उद्या एक्झाम टूचा फॉर्म भरायला कॉलेजात जातोय आम्ही दोघं.