मल्टी-इंजिन रेटिंग: एका इंजिनावरचे धडे सुरू झाले

मल्टी-इंजिन रेटिंग, म्हणजे एकाहून जास्त इंजिनांचं विमान चालवण्याची परवानगी, मिळवण्याचं माझं प्रशिक्षण चालू आहे. दोन्ही इंजिनं चालू असतानाचं उड्डाण आता अंगवळणी पडलं आहे. हातात सहा लिव्हर आणि वेग थोडा जास्त, एवढंच. त्यावर फार लिहीत नाही. खरं रेटिंग सुरू होतं ते प्रशिक्षक एक थ्रॉटल (इंजिनाची ताकद ठरवणारी लिव्हर) गुपचूप मागे ओढतात तिथून.

विमान आहे पायपर सेमिनोल, 180 अश्वशक्तीची दोन इंजिनं. एक गेलं की ताकद निम्मी होते, पण चढण्याची क्षमता 80 टक्के किंवा त्याहूनही जास्त घटते. कारण साधं आहे. विमान नुसतं समतल ठेवण्यातच बरीच ताकद खर्च होते आणि चढाई उरलेल्या शिलकीवर चालते. इंजिन जातं तेव्हा ती शिल्लकच जाते, वर बंद प्रॉपचा (पंख्याचा) ड्रॅग, म्हणजे हवेचा रोध, येतो. म्हणून वेग वेगमापकावरच्या ब्लू लाइनवर, म्हणजे सेमिनोलमध्ये 88 नॉट्सवर, धरून ठेवायचा. एका इंजिनावर सर्वांत चांगली चढाई तिथेच मिळते. गरम हवेत, पूर्ण वजनात तीही मिळेलच असं नाही. टेकऑफ ब्रीफिंगमध्ये ‘चाकं अजून खाली आहेत आणि पुढे धावपट्टी शिल्लक आहे, तर दोन्ही थ्रॉटल बंद करून समोरच उतरायचं’ हे मी रोज मोठ्याने म्हणते, ते याचसाठी.

इंजिन गेलं की नाक त्या बाजूला ओढलं जातं. आधी रडरने दिशा सांभाळायची. जो पाय मोकळा राहिला, त्या बाजूचं इंजिन गेलेलं. पण पायावर विसंबून लगेच प्रॉप फेदर (पाती हवेच्या रेषेत वळवून ड्रॅग कमी करणं) करायचा नाही. आधी त्याच बाजूचा थ्रॉटल मागे घ्यायचा. आवाजात आणि ओढीत काही फरक पडला नाही, तरच पुढचं पाऊल. चुकून चालतं इंजिन फेदर झालं तर हातात काहीच उरत नाही.

फेदरिंगची रचना मला विशेष आवडली. इथे ऑइलचा दाब पाती फाइन पिचकडे (कमी कोनाकडे) ढकलतो. दाब गेला की स्प्रिंग, नायट्रोजन आणि काउंटरवेट त्यांना आपोआप फेदरकडे नेतात. मात्र जमिनीवर इंजिन बंद करताना तसं होऊ नये म्हणून आत खिट्ट्या असतात, आणि 950 आरपीएमच्या (मिनिटाला फेऱ्या) खाली त्या खिट्ट्या पात्यांना अडवतात. त्यामुळे आचके देत मरणाऱ्या इंजिनाची फार वेळ वाट पाहता येत नाही.

सर्वांत जड गेली ती बॉल (उपकरणातला छोटा गोळा, जो एरवी मध्येच ठेवायचा असतो) मध्ये न ठेवण्याची सवय. एका इंजिनावर पंख समतल आणि बॉल मध्ये असेल, तर विमान प्रत्यक्षात बंद इंजिनाच्या बाजूला घसरत असतं. चालत्या इंजिनाकडे दोन-तीन अंश बँक (पंखांचा कल) दिला आणि बॉल त्याच बाजूला अर्धा सरकू दिला, की घसरण थांबते. व्हॅरिओमीटरवर (चढ-उताराचा वेग दाखवणाऱ्या उपकरणावर) फरक लगेच दिसतो.

आता व्हीएमसी, म्हणजे एका इंजिनावर विमानाची दिशा सांभाळता येईल असा किमान वेग. वेगमापकावर त्याची लाल रेघ 56 नॉट्सवर आहे, पण हा आकडा ठरावीक परिस्थितीपुरता. गुरुत्वमध्य मागे गेला की रडरचा भुजदंड आखूड होतो आणि व्हीएमसी वाढतो. बँक कमी केला तरी वाढतो. उंचीवर मात्र टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद घटते, त्यामुळे व्हीएमसी उतरतो. ऐकायला हे चांगलं वाटतं, आणि इथेच धोका आहे. स्टॉलचा (पंखांची उचल तुटण्याचा) दर्शवलेला वेग उंचीबरोबर जवळपास बदलत नाही, म्हणून एका उंचीवर दोन्ही वेग एकत्र येतात. त्याच्या वर नियंत्रण जाण्याआधी स्टॉल येतो, आणि एका बाजूच्या पूर्ण ताकदीसह आलेला स्टॉल म्हणजे स्पिनचं, गिरक्या घेत खाली जाण्याचं, आमंत्रण. म्हणून व्हीएमसीच्या सरावात आमचे प्रशिक्षक पाय आडवा घालून रडरचा प्रवास मुद्दाम अडवतात. नियंत्रणाची मर्यादा जास्त वेगालाच गाठली जाते आणि स्टॉल लांब राहतो. स्टॉल वॉर्निंग आधी वाजली तर सराव तिथेच थांबवायचा.

सावरण्यासाठी चालत्या इंजिनाची ताकद कमी करायची आणि नाक खाली. उरलेलं एकमेव इंजिन मागे ओढायला मन तयार होत नाही, पण नाक फिरवत असतं तेच.

सेमिनोलचे प्रॉप विरुद्ध दिशांना फिरतात, म्हणून क्रिटिकल इंजिन (जे गेलं तर सांभाळणं जास्त अवघड जातं ते) असा प्रकार तिच्यात नाही. दोन्ही प्रॉप एकाच दिशेने फिरणारं विमान ज्यांनी चालवलं आहे, त्यांना विचारायचं आहे: डावं आणि उजवं जाण्यातला फरक पायाला किती जाणवतो? पुढचा धडा हूड (बाहेरचं दिसू न देणारी झापड) घालून एका इंजिनावरचा आयएलएस, म्हणजे उपकरणांच्या आधारे धावपट्टीकडे उतरत येणं.