खडपाखालचा हिरवा स्पंज

अमावास्येच्या मोठ्या ओहोटीला बाबांना नॉर्थ बेरिकला घेऊन गेले. एडिनबरोहून रेल्वेने अर्धा तास. बाबा रत्नागिरीचे, सारी हयात कालवं काढलेली. पाणी हटलेलं दिसताच पँट दुमडून माझ्या आधी खडपांवर! पहिलाच दगड त्यांनी खेकड्यासाठी उलटवला आणि तसाच टाकून पुढे गेले.

एका कपारीत, जिथली ओल ओहोटीतही सुकत नाही, तिथे खडकाला हिरवी साय धरलेली. "शेवाळ," बाबा म्हणाले. मलाही पहिली दोन वर्षं तसंच वाटायचं.

"बाबा, हा प्राणी आहे. जवळून बघा."

सायीवर बारीक बारीक उंचवटे, प्रत्येकाच्या शेंड्याला एक भोक. हा हॅलिकॉन्ड्रिया पॅनिसिया. इकडे त्याला पावाच्या चुऱ्याचा स्पंज म्हणतात, तुकडा तसाच भुगभुगीत होतो म्हणून. वास मात्र फुटलेल्या फटाक्याचा! हिरवेपणा त्याच्या अंगातल्या सूक्ष्म शैवालाचा. हातभर आत, अंधारात, तोच स्पंज पिवळट होता.

"प्राणी म्हणतेस, पण हलत तर नाही."

मग शेजारच्या डबक्यात, पाण्याखालच्या एका तुकड्यावर टॉर्च धरला. भोकाशी आलेला प्रत्येक कण अलगद वर ढकलला जात होता. बाबा गुडघे टेकून बघत राहिले. अंगभर पसरलेल्या बारीक छिद्रांतून पाणी आत घ्यायचं, त्यातले जीवाणू गाळून खायचे, उरलेलं पाणी मोठ्या भोकांतून बाहेर. एडिनबरोचे प्राणिशास्त्रज्ञ रॉबर्ट ग्रँट यांनी हा प्रवाह १८२५ च्या सुमारास याच खाडीच्या किनाऱ्यावरचे स्पंज निरखून दाखवून दिला. विद्यार्थी डार्विन त्यांच्याबरोबर हे किनारे हिंडायचा. मला या ग्रँटबद्दल फार आदर वाटतो.

लाटा आदळतात तिथे हा स्पंज पापुद्र्याएवढा पातळ राहतो. आडोशाला जाड होतो, भोकांची धुराडी उंच होतात. त्याचं अंग बघून तिथलं पाणी कसं वागतं ते कळतं.

"आपल्या कालवांच्या शिंपांना बारीक गोल भोकं असतात, ती?" बाबांनी अचानक विचारलं.

"तीही स्पंजाचीच. पोखरणाऱ्या."

थोडा वेळ ते गप्प होते. दगड उलटा राहिला तर खालचं सगळं उन्हावाऱ्याने मरतं, हे मी बोलून गेले. भरती लागली होती. बाबा मागे फिरले, तो सुरुवातीचा दगड शोधून काढला आणि दोन्ही हातांनी होता तसा पालथा घातला.