पायाला लेग म्हणू की फूट?

मी लालबागच्या एका व्यायामशाळेत लहानाचा मोठा झालोय. जोर, बैठका, मल्लखांब, सूर्यनमस्कार सगळं अंगात मुरलेलं, झोपेतून उठवून सांगितलं तरी शंभर बैठका मारीन. पण शाळा मराठी मिडीयम आणि दहावीला इंग्लिशमध्ये अडतीस मार्क, त्यातलेही तीन-चार मार्क पेपर तपासणाऱ्याच्या दयेचे असावेत असं माझ्या ताईचं म्हणणं आहे.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये लोअर परळला ज्या ऑफिसात शिपाई होतो ते ऑफिसच बंद झालं. मग विचार केला की आपल्याला येतं काय, तर व्यायाम येतो, मग ट्रेनर होऊया. थोडंफार सगळं सुरू झाल्यावर वेस्टर्न लाईनवरच्या एका जिममध्ये इंटरव्ह्यूला गेलो. तिथला मॅनेजर माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान असेल. तो म्हणाला डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरचा वजनाचा रॉड उचलून सरळ उभं राहायचं ती, करून दाखवा, मी दाखवली, तो म्हणाला वा. मग म्हणाला आता मी क्लायंट आहे, मला नुसतं तोंडाने शिकवा, इंग्लिशमध्ये. मी 'यू टेक द रॉड' एवढं म्हणालो आणि पुढे गाडी जी बंद पडली ती पडलीच. डेमो छान आहे पण कम्युनिकेशनवर काम करा, असं म्हणून त्याने हात मिळवला. बाहेर पडून स्टेशनपर्यंत चालत गेलो, रिक्षा केली नाही, इतका राग आला होता आणि कोणावर आलाय तेच कळत नव्हतं.

तर तिथून हे व्यायामाचं इंग्लिश शिकणं सुरू झालं. शंभर पानी वही आणली आणि ताईची मुलगी, जी इंग्लिश मिडीयमला नववीत होती, तिला गुरू केलं. रोज रात्री जेवल्यावर अर्धा तास.

पहिल्याच दिवशी मी तिला म्हटलं, वाकून पायाची बोटं पकड, याला मी 'टच युअर लेग फिंगर' म्हणणार. ती एवढी हसली की ताई आतून बघायला आली. 'मामा, पायाच्या बोटांना फिंगर नाही म्हणत, टो म्हणतात, टो.' बरं. मग तिनेच विचारलं, 'आणि पाय म्हणजे कुठला पाय? लेग की फूट?' आता हे मला आयुष्यात कोणी विचारलं नव्हतं. आपल्याला खुब्यापासून खाली सगळा पायच. त्यांच्याकडे घोट्याच्या वरचा वेगळा आणि घोट्याच्या खालचा वेगळा. हाताचंही तेच, मनगटापर्यंत आर्म आणि त्यापुढे हँड. मी क्लायंटला 'रेज युअर हँड' म्हटलं तर तो शाळेतल्यासारखा हात वर करणार, मला पाहिजे खांद्यातून अख्खा हात. म्हणजे एका हाताचे दोन, एका पायाचे दोन, बोटांचे दोन, आणि मांडीचे पण दोन, कारण बाळाला मांडीवर घेतलं की ती मांडी लॅप आणि बैठका मारून भरून येते ती थाय. वर परत मैदानाला फेरी मारली तर तीपण लॅप!

पण मग उलटंही निघालं. चवडा. आपल्याकडे चवडा म्हटलं की विषय संपला, चवड्यावर उभे राहा, चवड्यावर उडी मारा. त्यांच्याकडे त्याला एक सुटसुटीत शब्दच नाही, 'बॉल ऑफ द फूट' म्हणायचं. भाचीला पण माहीत नव्हतं, तिने फोनवर शोधलं. त्या दिवशी मला जरा बरं वाटलं.

नावं पाठ करायला मला तीनेक आठवडे लागले असतील, त्यात काही फार नाही. पोटरी म्हणजे काफ, आणि काफ म्हणजे वासरू पण, दोन्हीचं स्पेलिंग एकच, त्यामुळे वहीत मी पोटरीशेजारी वासराचं चित्र काढलं होतं. नडगी म्हणजे शिन. मांडीचा मागचा भाग हॅमस्ट्रिंग. दंडाचा पुढचा स्नायू बायसेप्स म्हणजे दोन डोक्यांचा, मागचा ट्रायसेप्स म्हणजे तीन डोक्यांचा, मांडीच्या पुढचा क्वाड्रिसेप्स चार डोक्यांचा, हे एकदा कळल्यावर विसरायची सोयच राहिली नाही. सगळ्यात भारी मला काय वाटलं तर मसल हा शब्द, तो लॅटिनमधून आलाय आणि त्याचा मूळ अर्थ छोटा उंदीर, कारण दंड फुगवला की कातडीखाली उंदीर पळाल्यासारखं दिसतं. आणि आपण लहानपणी काय म्हणायचो, दंडाची बेटकुळी काढून दाखव! त्यांना उंदीर दिसला, आपल्याला बेडूक दिसला. हे मी व्यायामशाळेतल्या सरांना सांगितलं, ते म्हणाले, 'बेडूक बरा रे, निदान कपडे कुरतडत नाही.'

खरी वाट लागली ती क्रियापदांनी. मला वाटलं होतं नावं आली की झालं. पण ट्रेनर दिवसभर बोलतो काय, तर धर, सोड, ताण, दाब, ढील दे, इथून वाक, तिथे थांब. हे छोटे छोटे शब्द मला एक वर्ष पुरले. मी आधी सरळ मराठीचं इंग्लिश करायचो. श्वास सोडा, तर 'लीव्ह युअर ब्रेथ'. एका बाईंना मी आठवडाभर हे सांगत होतो आणि त्या बिचाऱ्या बरोबर श्वास सोडत होत्या, मग एक दिवस म्हणाल्या, 'यू मीन ब्रीद आऊट, नो?' मी म्हटलं येस येस, सेम सेम. ब्रेथ आणि ब्रीद यात आजही माझी जीभ अडखळते, म्हणून मी आता नुसतं 'इन' आणि 'आऊट' म्हणतो, काम होतं.

आणि 'हिंज'. व्हिडिओत सगळे सारखं हिंज ॲट द हिप्स, हिंज ॲट द हिप्स म्हणायचे. शोधलं तर हिंज म्हणजे बिजागरी. दाराची बिजागरी आणि डेडलिफ्टचा काय संबंध? मग एकदा घरी कपाटाचं दार उघडबंद करताना एकदम ट्यूब पेटली. आपण मराठीत सांगतो कमरेतून वाक, आणि माणूस खरंच कमरेतून वाकतो, पाठीची कमान होते आणि मग कंबर धरून बसतो. बिजागरी कमरेला नाहीचये, ती खुब्यात आहे, मांडीचं हाड जिथे कमरेखाली जाऊन बसतं तिथे. पाठ म्हणजे दाराची फळी, ती सरळच राहणार, फिरायचं ते खुब्यातून. मी स्वतः इतकी वर्षं हे बरोबर करत होतो पण शिकवताना चुकीचं सांगत होतो! आता मी मराठी पोरांनापण 'खुब्यातून मोड' असं सांगतो, आणि पटकन जमतं त्यांना.

एक गोष्ट मात्र इंग्लिशमध्ये सोपी आहे हे मानावं लागेल. 'स्क्वीझ युअर ग्लूट्स' (ग्लूट्स म्हणजे आपण ज्यावर बसतो ते स्नायू) हे मी कुठल्याही मॅडमना नजर न चोरता सांगू शकतो. हेच मराठीत सांगायची वेळ आली तर मी नोकरी सोडीन.

बोर्ड वाचायची पण सवय लागली. पालिकेच्या बागांमध्ये ओपन जिमची ती रंगीत मशीन असतात ना, त्यातल्या बऱ्याच मशीनवर इंग्लिशमध्ये लिहिलेलं असतं कसं वापरायचं ते. काका लोक त्यावर बसून पेपर वाचतात, मी उभा राहून मशीन वाचायचो. एअर वॉकर, लेग प्रेस, शोल्डर व्हील. वाक्यं अगदी हुकमी, छोटी, ग्रिप द हँडल्स, पुश स्लोली, रिटर्न टू स्टार्टिंग पोझिशन. मला असंच बोलायचं होतं. ती वाक्यं वहीत उतरवून मी शिवाजी पार्कच्या कट्ट्याला फेऱ्या मारताना मोठ्याने म्हणायचो, एक फेरी एक किलोमीटरच्या थोडी वरच भरते, एका फेरीला एक वाक्य. लोकांना वाटलं असेल फोनवर बोलतोय.

पहिली कायमची क्लायंट मिळाली ती फाईव्ह गार्डन्सजवळच्या पारसी कॉलनीतली एक आँटी, वय बासष्ट. तिला इंग्लिश, गुजराती आणि मुंबईचं हिंदी तिन्ही एकाच वाक्यात बोलायची सवय, त्यामुळे माझी भीती निम्मी तिथेच गेली. तिच्याकडून मी दुखण्याचे शब्द शिकलो, आणि ट्रेनरला हे बाकी कशाहीपेक्षा जास्त लागतात असं माझं मत आहे. आपल्याकडे दुखतंय म्हटलं की दुखतंय. तिने पहिल्या आठवड्यात 'आय ॲम सोर' म्हटलं, मी घाबरून व्यायामच बंद केला. तर ती म्हणाली, अरे डिकरा, सोर इज गुड, पेन इज बॅड. घरी येऊन बघितलं तर सोर म्हणजे आपलं अंग आंबणं. नवीन व्यायाम केला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या बोंबलतात ते. त्यात घाबरायचं काही नसतं, हलका व्यायाम चालू ठेवायचा. पण 'शार्प पेन' म्हटलं की थांबायचं. 'डिझी' म्हटलं की बसवायचं. 'चेस्ट' हा शब्द कुठल्याही वाक्यात आला की व्यायाम गेला खड्ड्यात, आधी डॉक्टर. आणि मराठी माणूस कंबर दुखते म्हणतो तेव्हा 'वेस्ट' म्हणायचं नाही, ते 'लोअर बॅक'. वेस्ट म्हणजे टेलर मोजतो ती.

मुरगळणं आणि ताणणं यात पण त्यांचा फरक आहे, सांध्याचा लिगामेंट (हाडाला हाड बांधणारा पट्टा) दुखावला तर स्प्रेन, स्नायू किंवा त्याचा टेंडन (स्नायू हाडाला बांधणारी दोरी) दुखावला तर स्ट्रेन. दोन्ही शब्द इतके सारखे की मी अजून वही बघतो.

मग एक आयटीवाला मुलगा आला, त्याला जानेवारीत मुंबई मॅरेथॉनची हाफ पळायची होती. मी मैदानावरचा माणूस, रस्त्यावर लांब पळणं माझा प्रांत नाही, पण हो म्हटलं. त्याची भाषाच वेगळी. 'माझा पेस सिक्स थर्टी आहे.' मला वाटलं साडेसहाला येतो. तर ते म्हणजे एक किलोमीटरला साडेसहा मिनिटं, त्या हिशोबाने हाफच्या २१.०९७ किलोमीटरला दोन तास सतरा मिनिटं. यात आकडा वाढला की माणूस हळू, हे डोक्यात बसायलाच मला दोन रविवार लागले. पुढे 'निगेटिव्ह स्प्लिट' म्हणाला, मी म्हटलं निगेटिव्ह नको, पॉझिटिव्ह विचार कर. अर्थ असा की दुसरा अर्धा पहिल्या अर्ध्यापेक्षा जोरात पळायचा, आणि ते उलट चांगलं असतं. आणि 'फार्टलेक', हा तर स्वीडिश शब्द निघाला, वेगाचा खेळ, मध्येच जोरात मध्येच आरामात, विजेचा खांब दिसला की सुसाट आणि पुढचा आला की सावकाश. हे आम्ही चाळीच्या गल्लीत लहानपणी नाव न देता खेळायचो.

एका रविवारी पहाटे मरीन ड्राईव्हला आम्ही एनसीपीएकडून चौपाटीकडे निघालो होतो. अंधारच होता, समुद्राचा खारट वास आणि कट्ट्यावर रात्रभर जागलेली दोन-तीन पोरं. तारापोरवाला मत्स्यालयाच्या आसपास हा एकदम थांबला, बरगडीखाली हात दाबून वाकला आणि म्हणाला, 'गॉट अ स्टिच.' मी काय करावं? मी त्याचा टीशर्ट बघायला लागलो. बगलेत शिवण कुठे उसवली का, मोबाईलचा टॉर्च मारून! तो दुखण्यात पण हसायला लागला आणि हसल्यामुळे अजून दुखायला लागलं. स्टिच म्हणजे पळताना कुशीत कळ येते ती. मग मी त्याला माझ्या पद्धतीने सांगितलं, थांब, चाल, दुखतंय तिथे बोटांनी दाब आणि पोटातून लांब श्वास सोड. म्हणजे ब्रीद आऊट. दोन-तीन मिनिटांत उतरलं. जानेवारीत हाफ तो दोन तास एकवीस मिनिटांत पळून आला शेवटी, पेडर रोडच्या चढाला शिव्या देत.

आता माझे सात क्लायंट आहेत, त्यातल्या दोघांना मुद्दाम गदा आणि मुद्गल पाहिजेत. जिममध्ये त्याला स्टील मेस आणि इंडियन क्लब म्हणतात. मुद्गल ब्रिटिश अधिकाऱ्यांनी इथून बघून तिकडे नेले, आणि क्लब फिरवणं १९०४ आणि १९३२ च्या ऑलिम्पिकमध्येही होतं. आमच्या बैठकीला 'हिंदू स्क्वॉट' म्हणतात, जोराला 'हिंदू पुशअप'. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी गंभीर चेहरा करून म्हटलं, 'ओके सर, लिटल डिफिकल्ट, बट वुई विल ट्राय.'

वही संपत आली आहे. शेवटच्या पानावर फक्त एकच शब्द आहे, त्याच्यापुढे जागा रिकामी. गेल्या महिन्यात बादली उचलताना मला उसण भरली, तीन दिवस सरळ होता येईना, आणि आँटीला मेसेज करायला बसलो तर शब्दच मिळेना. कॅच, स्पॅझम, पुल, भाचीने सगळे सांगून बघितले. पण उसण कशी असते माहितीये ना, ती नुसती दुखत नाही, ती भरते, माणूस अर्धा वाकलेला तसाच राहतो आणि शिंक आली तरी देव आठवतो. शेवटी मी लिहिलं, 'आँटी, नॉट कमिंग, उसण.' तिचा रिप्लाय आला, 'ओके डिकरा, टेक केअर ऑफ युअर उसण.' कोणाला नेमका शब्द माहीत असेल तर सांगा, जागा ठेवलीये.