कुऱ्हाड्यांचं नाव जुळेना

आमच्या दूध संस्थेचे ४१२ सभासद आहेत. दर दहा दिवसांनी दुधाचं बिल निघतं आणि दिवाळीच्या आधी दरफरक, म्हणजे घातलेल्या दुधावर नंतर मिळणारी वाढीव रक्कम. पूर्वी हे पैसे खिडकीत रोख मिळायचे, आता ते बँकेच्या खात्यात जातात. मी तिथे हिशेब लिहिते. शिक्षण बी.कॉम. पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा मी दोन पावसाळ्यांत, संध्याकाळी घरी बसून शिकले. चारशे नावं डोळ्यांनी ताडताना माझ्या हातून दोनदा चूक झाली होती आणि दोन्ही वेळा माणसं पासबुक घेऊन दारात उभी राहिली होती.

त्या वर्षी दोन याद्या एकमेकींशी लावायच्या होत्या. एक संस्थेची, त्यात कोणाचं किती लिटर आणि किती दरफरक. दुसरी बँकेकडून आलेली, त्यात नाव आणि खाते क्रमांक. दहा-बारा ओळींचा कोड लिहिला, चालवला. ३७५ नावं जुळली, ३७ जुळली नाहीत. न जुळलेली नावं शेजारी शेजारी लावून पाहिली, तर काना-मात्रेचाही फरक नाही. एका रकान्यात कुऱ्हाडे, दुसऱ्या रकान्यात कुऱ्हाडे. पायथन मात्र म्हणत होता की हे दोन वेगळे शब्द आहेत.

वसुबारसेच्या आत पैसे खात्यात पडले पाहिजेत, ही आमच्या चेअरमनांची जुनी रीत. गाईची पूजा करायच्या दिवशी दुधाचा पैसा घरात असावा, असं ते म्हणतात. हातात नऊ दिवस होते.

आधी घरचे उपाय केले. नावाच्या मागेपुढे राहिलेली मोकळी जागा काढणारं पायथनचं 'स्ट्रिप' लावलं. दोन नावं जुळतील असं वाटलं होतं, तीही जुळली नाहीत. भाच्याच्या सांगण्यावरून एका चॅटबॉटला विचारलं. त्यानेही स्ट्रिपच सांगितलं, मग युनिकोडचं नॉर्मलायझेशन करून पाहा म्हणाला. (युनिकोड म्हणजे जगातल्या लिप्यांच्या प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणारं मानक; नॉर्मलायझेशन म्हणजे एकच अक्षर वेगवेगळ्या चिन्हांनी लिहिलेलं असलं तर ते एका रूपात आणणं.) ते केल्यावर एक नाव जुळलं, उरलेली ३६ जिथल्या तिथे. ते एक का जुळलं, हे मला तेव्हा कळलं नव्हतं. तिथेच थांबून विचार केला असता तर चार दिवस वाचले असते.

मग प्रोग्रामर मंडळी जिथे एकमेकांना प्रश्न विचारतात, अशा एका मोठ्या ठिकाणी प्रश्न टाकला. तोवर तिथे मी फक्त इतरांची उत्तरं वाचत आले होते. मथळ्यात 'अर्जंट' लिहिलं, खाली चार ओळी, आणि पडद्याचा फोटो. पाऊण तासात प्रश्न बंद झाला. खाली तीन शेरे होते.

पहिला शेरा मी वाचला आणि मला घाम फुटला. 'या चित्रात लोकांची नावं आणि बँक खात्यांचे क्रमांक दिसत आहेत, ताबडतोब काढा.' ती नावं माझ्या गावातल्या लोकांची, माझ्या भरवशावर दिलेली. फोटो लगेच काढला. पण अशा ठिकाणी जुनी आवृत्ती इतिहासात राहते, म्हणून तिथल्या व्यवस्थापकांना कळवून तीही पुसून घेतली. ही गोष्ट मी चेअरमनांनाही त्याच दिवशी सांगितली. तेव्हापासून प्रश्नासोबत द्यायचा नमुना मी स्वतः बनवलेला देते, खऱ्या फाइलचा तुकडासुद्धा देत नाही.

दुसरा शेरा असा: चित्र नको, मजकूर द्या, आणि चूक दिसेल एवढाच कमीत कमी कोड द्या. तिसरा: नावावरून कशाला जुळवता, सभासदांना क्रमांक नाही का?

त्या रात्री मला वाईट वाटलं, हे खरं आहे. इंग्रजी जुळवून जुळवून लिहिलेलं, वेळ कमी, आणि समोरून तीन कोरडी वाक्यं. आजही माझं मत आहे की नवीन माणसाला एक ओळ जास्त लिहायला हरकत नसावी. पण सकाळी चहा घेताना दुसरा शेरा पुन्हा वाचला आणि तो नेमका कुठे बोट ठेवतो आहे ते कळलं. माझी तक्रारच अशी होती की डोळ्यांना सारखं दिसतं आणि संगणकाला वेगळं. त्याचा फोटो काढला की उरतं फक्त डोळ्यांना दिसणारं. म्हणजे जो पुरावा पाहायचा, तोच मी पुसून लोकांसमोर ठेवला होता. मजकूर तसाच चिकटवला असता तर कोणीही तो उचलून आपल्या संगणकावर तपासू शकला असता.

मग कापाकापीला बसले. ४१२ ओळींच्या ३७ केल्या, नॉर्मलायझेशनने जुळलेलं ते एक नावही धरून. त्या ३७ एकाखाली एक पाहिल्या तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की त्यांत कुऱ्हाडे आहेत, बऱ्हाटे आहेत, गोऱ्हे आहेत. आमच्या गावात कुऱ्हाड्यांची भावकी मोठी, त्यामुळे ती नावं जास्त असणारच, असं समजून मी इतके दिवस त्यावरून नजर फिरवत होते. ३१ नावांत ऱ्ह होता. चार नावं आमच्या ख्रिस्ती वाडीतली, ॲन्थनी आणि ॲग्नेस अशी. उरली दोन.

३७ मधून एक नाव घेतलं. त्यातून फक्त आडनाव. दोन ओळी: एकीत संस्थेच्या यादीतला 'कुऱ्हाडे', दुसरीत बँकेच्या यादीतला. तिसऱ्या ओळीत दोन्हींची लांबी मोजायला सांगितली. उत्तर आलं ९ आणि ८.

तो आकडा पाहून मी खुर्चीतून उठलेच. आठ अक्षरचिन्हं मोजता येतात: क, उकार, ऱ, हलन्त, ह, काना, ड, मात्रा. मग नववं कोण? पायथनमध्ये प्रत्येक चिन्हाचं अधिकृत नाव छापण्याची सोय आहे. ते छापलं. बँकेच्या यादीत नुक्त्याचा, म्हणजे खाली टिंब असलेला, ऱ आणि त्यापुढे हलन्त होता. संस्थेच्या यादीत साधा र, मग हलन्त, आणि त्यापुढे 'झीरो विड्थ जॉइनर' नावाचं एक चिन्ह, ज्याला रुंदीच नसते. ते पडद्यावर दिसत नाही, स्ट्रिपने निघत नाही, कारण पायथनच्या लेखी ती मोकळी जागा नव्हे.

आता प्रश्न नव्याने लिहिला. काय व्हायला हवं, काय होतं आहे, पायथनची आवृत्ती कोणती, आजवर काय काय करून पाहिलं, आणि त्या तीन ओळी. चिन्हांचे क्रमांक शेजारी लिहिले, म्हणजे देवनागरी न वाचणाऱ्यालाही कळेल: ०९३१ आणि ०९४डी एकीकडे, ०९३०, ०९४डी आणि २००डी दुसरीकडे. 'अर्जंट' काढून टाकलं. बंद प्रश्न दुरुस्त केला की तो पुन्हा उघडावा म्हणून विनंती करता येते, ती केली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत प्रश्न उघडला होता.

पहिलं उत्तर आलं ते असं की अदृश्य चिन्हं सगळीच उडवून टाका. लगेच करून पाहिलं. कुऱ्हाड्यांचं 'कुर्हाडे' झालं, ह वर रफार चढला. तरीही जुळेना, आणि वर नावही बिघडलं. उत्तर देणाऱ्याचा दोष नाही. रफार आणि ऱ्ह यांत काय अंतर आहे हे ज्याला ही लिपी परकी आहे त्याला कुठून कळणार? मराठीत तर त्यावर अर्थ ठरतो. आचार्यांना बोलावलं आणि आचाऱ्यांना बोलावलं, दर्या आणि दऱ्या.

दुसरं उत्तर रात्री उशिरा आलं, एका नेपाळी प्रोग्रामरचं. त्याची सुरुवातच अशी होती की हा त्रास आम्हाला रोजचा आहे. नेपाळीत 'केलं' म्हणायला गर्‍यो, 'पडलं' म्हणायला पर्‍यो. कितीतरी वाक्यांच्या शेवटी हा र. तिथे तो साधा र, हलन्त आणि तेच अदृश्य चिन्ह अशा तीन तुकड्यांनी लिहिला जातो. माझ्या आडनावांचा घोळ ज्याला वाचताक्षणी कळला, त्याला मराठी येत नव्हती. पण लिपी एक होती आणि तो अर्धा र त्याच्याही रोजच्या बोलण्यातला होता. मला अजून त्याचं अप्रूप वाटतं.

त्याने पुढे जे समजावलं ते मी इथे माझ्या शब्दांत लिहिते, कारण मराठीत ते मला कुठे सापडलं नव्हतं. युनिकोडच्या कागदपत्रांत या र ला पापणीसारखा दिसतो म्हणून 'आयलॅश रा' म्हणतात, आणि तो लिहिण्याच्या दोन्ही पद्धती तिथे मान्य आहेत. नुक्त्याचा ऱ अधिक हलन्त ही पद्धत भारतीय लिप्यांच्या इस्की या मानकाला धरून आहे. साधा र, हलन्त आणि जॉइनर ही पद्धत युनिकोडच्या २.० या आवृत्तीशी मेळ राहावा म्हणून ठेवलेली आहे. दोन्ही बरोबर, दोन्ही दिसायला एक, आणि नॉर्मलायझेशन त्यांना एक करत नाही, कारण त्याच्या नियमांत या दोघांना समान मानलेलं नाही. नॉर्मलायझेशन फक्त एक तिसरा प्रकार सांधतं: साधा र आणि त्याला वेगळा टाइप केलेला नुक्ता. तो ०९३१ मध्ये विरघळतो. चॅटबॉटच्या सल्ल्याने एक नाव का जुळलं होतं, त्याचा उलगडा इथे झाला.

उपाय दोन ओळींचा. आधी नॉर्मलायझेशन करायचं, मग जिथे र, हलन्त आणि जॉइनर ही तिन्ही लागोपाठ येतील तिथेच त्यांच्या जागी ऱ आणि हलन्त घालायचं. बाकीच्या जॉइनरना हात लावायचा नाही. चालवलं, आणि ३१ ची ३१ नावं जुळली.

ॲन्थनीचं कोडं मग मी स्वतःच सोडवलं, त्याच रीतीने, चिन्हांची नावं छापून. एका यादीत ॲ हे एकच अक्षर होतं, क्रमांक ०९७२. दुसरीत अ आणि त्यावर वेगळा चंद्र. हे एकसंध ॲ युनिकोडमध्ये आलंच २००८ साली, ५.१ या आवृत्तीत. त्याआधी ते असं दोन तुकड्यांनी लिहावं लागे. नॉर्मलायझेशन यांनाही एक करत नाही. ज्यांच्या याद्यांत ॲडव्होकेट, ॲपे रिक्षा किंवा ॲल्युमिनियम आहे, त्यांनी हे एकदा तपासून पाहावंच. प्रश्नाखाली मी हे जोडून ठेवलं. (ल आणि श यांचं मात्र नेमकं उलटं आहे. मराठी वळणाचा ल आणि हिंदी वळणाचा ल आपल्याला वेगळे दिसतात, संगणकाला ते एकच अक्षर असतं, फरक फक्त फॉन्टचा. तिथे जुळण्याचा प्रश्न येत नाही.)

याद्या वेगळ्या का, तेही शोधलं. संस्थेची यादी जुन्या काळी फॉन्टवर चालणाऱ्या एका सॉफ्टवेअरमध्ये टाइप झालेली आणि नंतर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणलेली. त्या कन्व्हर्टरने जवळजवळ प्रत्येक ऱ्ह मध्ये जॉइनर घातला होता. बँकेची यादी टाइप करणारी मुलगी इनस्क्रिप्टवर बसते. त्या कळफलकावर र च्याच कळीला शिफ्ट धरलं की ऱ येतो. दोघांनीही आपापल्या जागी बरोबरच केलं होतं.

राहिला तो तिसरा शेरा. नावावरून कशाला जुळवता? नावं जुळायला लागल्यावर मला तो विसरता आला असता. पण जुळलेल्या यादीवर शेवटची नजर टाकताना दिसलं की एका कुऱ्हाड्यांचं नाव दोनदा आहे. स्वतःचं नाव तेच, वडिलांचं तेच, आडनाव तेच. चुलत भावकीतले दोन वेगळे सभासद, दोन वेगळी खाती. माझ्या कोडने दोघांचा दरफरक एकाच खात्यावर लावला होता, आणि कोडच्या दृष्टीने त्यात काहीच चूक नव्हती. ज्याला मी कोरडा म्हणून मनात नाराज झाले होते, त्या अनोळखी माणसाने न मागता सर्वांत मोठं संकट टाळलं होतं. मी विचारलं होतं शब्द कसे जुळवायचे. मला करायचं होतं ते माणसाचे पैसे त्याच माणसाला पोचवायचं.

सचिव आण्णांना सांगितलं. ते म्हणाले, "अगं, सभासद क्रमांक तर पहिल्या दिवसापासून आहे. बँकेला द्यायचं कुणाच्या मनात आलं नाही." बँकेकडे जाऊन त्यांच्या यादीत एक रकाना वाढवून घेतला. नावांच्या जुळणीवरून तो एकदाच भरला. त्या दोन कुऱ्हाड्यांच्या घरी जाऊन पासबुकं स्वतः पाहिली. न जुळलेली शेवटची दोन नावं निव्वळ टाइपाच्या चुका होत्या, त्या फोनवर विचारून दुरुस्त केल्या. एक आजी म्हणाल्या, "माझं नाव बरोबर लिही गं बाई, मागच्या खेपेला दुसरीच कुणी झाले होते."

पैसे वसुबारसेच्या आदल्या दिवशी पडले. नेपाळच्या त्या माणसाचं उत्तर मी स्वीकारलं म्हणून खूण केली आणि खाली लिहिलं की तुमच्या दोन ओळींनी आमच्या गावातल्या ३१ घरांचा दरफरक वेळेवर गेला. त्याने विचारलं, दुधाचा भाव काय आहे तुमच्याकडे? त्यावर आम्ही थोडं बोललो.

आता दर दहा दिवसांची जुळणी सभासद क्रमांकावर होते. तरी नवीन सभासदाची फाइल आली की ती आधी त्या दोन ओळींतून जाते, कारण कन्व्हर्टर अजून तोच आहे. त्या ओळींच्या वर मी मराठीत टीप लिहून ठेवली आहे: ऱ दोन प्रकारे येतो, जॉइनर सरसकट काढू नये, उत्तर अमुक ठिकाणी आहे. माझ्यानंतर या खुर्चीत जो बसेल त्याच्यासाठी.