तुम्ही विचारलंत म्हणून: बॅग टेकवणार कुठे?

"काकू, कॅमेऱ्याची बॅग कुठली घेऊ? पटकन कॅमेरा निघेल अशी." आमच्याच मजल्यावरच्या मुलाने गेल्या महिन्यात दारात उभं राहून विचारलं. त्याने नुकताच पहिला कॅमेरा घेतलाय. पण हा प्रश्न मला त्याच्याआधीही कितीतरी जणांनी विचारलाय. खाडीवर पक्षी बघायला भेटणारे विचारतात, लग्नाच्या हॉलमध्ये शेजारी उभे राहणारे विचारतात, तुम्हीही विचारलंत. सगळ्यांना मी आधी एकच उलट प्रश्न करते: कॅमेरा काढायच्या क्षणी बॅग टेकवणार कुठे?

बहुतेक जण बॅग घेताना किती मावतं ते बघतात. दोन बॉडी (म्हणजे लेन्सशिवायचे कॅमेरे), चार लेन्स, लॅपटॉप, पाण्याची बाटली. मीही तसंच बघितलं होतं. माझी पहिली मोठी सॅक पाठीच्या बाजूने, म्हणजे पाठीला टेकते त्या बाजूने, उघडणारी होती. आत जाड फोम, भक्कम चेन, शिवण आजही शाबूत आहे. ती घेऊन मी ऐरोलीहून फ्लेमिंगो बघायच्या बोटीत बसले. ठाणे खाडीचा हा पट्टा 2015 साली फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि 2022मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक रामसर यादीत गेला. या बोटीची वेळ भरती-ओहोटीवर ठरते. म्हणजे तुमची सोय खाडी बघत नाही, तुम्हीच तिच्या वेळेला हजर राहायचं. चिखलावर थवा शांत चरत होता, म्हणून मी लेन्स बदलून कॅमेरा परत आत ठेवला आणि सॅक पाठीला लावली. तेवढ्यात थवा उठला. बसलेले असताना फिकट गुलाबी दिसणारे हे पक्षी पंख उघडतात तेव्हा आतला गडद गुलाबी आणि काळा रंग एकदम समोर येतो. ते बघायलाच तर आपण गेलेलो असतो. माझी सॅक उघडायची तर ती आधी आडवी ठेवायला हवी. बोटीच्या तळाशी पाणी, शेजारच्या बाईंच्या मांडीवर लहान मूल, माझ्या मांडीवर सॅक मावत नव्हती. चेन उघडेपर्यंत थवा दूर जाऊन बसलासुद्धा.

बॅगेत खोट काहीच नव्हती. जिथे खाली कोरडी जमीन आहे आणि हातात दोन मिनिटं आहेत, तिथे ती उत्तमच. पण ठाण्यात, नवी मुंबईत अशी जागा मिळते कुठे? ठाण्याच्या नऊ-दहा नंबर फलाटावर वाशी-पनवेलची गाडी लागते तेव्हा बॅग खाली ठेवून बघा. येऊरच्या जंगलातल्या पायवाटेवर पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात धुरळा. तलावाकाठी, तलावपाळीच्या कट्ट्यावर संध्याकाळी बसायला जागा नसते. आपल्याकडे बॅग अंगावरच असते आणि अंगावरून न उतरवता जी उघडते तीच आपल्यासाठी पटकन उघडणारी.

एवढं एकदा पटलं की निवड बरीच सोपी होते.

पाठीच्या बाजूने उघडणारी सॅक तुमच्याकडे आधीच असेल तर ती टाकून देऊ नका. तिला कमरेचा रुंद पट्टा असेल तर तो घट्ट बांधा, खांद्याचे दोन्ही पट्टे सोडा आणि सॅक कमरेभोवती फिरवून पोटाशी आणा. ती पुढे टेबलासारखी आडवी राहते आणि पाठीचा भाग तुमच्याकडे उघडतो. पट्टा खरोखर वजन पेलणारा हवा. नुसती एक इंचाची पट्टी असेल तर सॅक खाली लोंबते आणि लेन्स पायाशी पडतात. मला ही युक्ती बोटीच्या त्या फेरीनंतर कळली आणि त्या सॅकने पुढे पुष्कळ वर्षं साथ दिली.

बाजूला दार असलेली सॅक आता सगळ्यात जास्त विकली जाताना दिसते. एक पट्टा खांद्यावरून सोडायचा, सॅक बगलेखालून पुढे ओढायची, बाजूची चेन उघडायची, कॅमेरा बाहेर. 24-70 मिमीची किंवा त्याहून छोटी लेन्स लावलेली असेल तर हे फार छान जमतं. लांब लेन्सला मात्र जमत नाही आणि दुकानात हे कोणी सांगत नाही. माझी पक्ष्यांसाठीची 150-600 मिमीची लेन्स 26 सेंटिमीटर लांब, वजन जवळजवळ दोन किलो. बॉडी आणि लेन्सच्या तोंडावरचं हुड लावलं की 40 सेंटिमीटरच्या आसपास जाते. एवढी लांब वस्तू बाजूच्या दारातून आडवी ओढायला गेलात तर ती आतल्या कप्पे पाडणाऱ्या पडद्यांना अडते, तुम्ही घाईने हिसका देता आणि माउंटवर, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जोडते तिथे, ताण येतो. लांब लेन्स तलवारीसारखी वरूनच उपसावी लागते. त्यासाठी वरून उघडणारा, उभा, अरुंद कप्पा हवा. पक्ष्यांसाठी फिरणाऱ्यांनी बाजूचं दार विसरावं, वरचं झाकण बघावं, हे माझं स्पष्ट मत आहे.

एका खांद्यावरून तिरकी जाणारी स्लिंग बॅग थोड्या सामानाला चांगली. पण ती कोणत्या खांद्यावरून येते आणि कोणत्या बाजूने पुढे सरकते हे अंगावर घालून बघा, कारण बऱ्याच स्लिंग एकाच बाजूला फिरतात. उजव्या खांद्यात दुखणं असलेल्या माणसाने उजव्या खांद्याची स्लिंग घेतली तर महिन्याभरात ती कपाटात जाते. शिवाय एकाच खांद्यावर तीन किलो घेऊन दिवसभर फिरणं शरीराला मानवत नाही.

आता गुढीपाडव्याचं सांगते, कारण मी खरं शिकले ते तिथे.

ठाण्यात पाडव्याच्या सकाळी कौपिनेश्वर मंदिरापासून शोभायात्रा निघते. तलावपाळीचा सगळा परिसर माणसांनी भरून जातो. ढोल-ताशा, लेझीम, नऊवारी नेसून बुलेटवर बसलेल्या मुली, पालख्या. मीही नऊवारीतच असते. पाडव्याला कॅमेरा आहे म्हणून जीन्स घालायची हे मला मान्य नाही. पण नऊवारी आणि सॅक यांचं जमत नाही. डाव्या खांद्यावर पदर, त्यावर सॅकचा पट्टा, म्हणजे पदर चुरगळतो, पिन निघते आणि सॅक पुढे ओढायला गेलं की पदरच ओढला जातो. स्लिंग घातली तर पट्टा नेमका छातीवरून पदरावर काचतो. खिसा तर नाहीच, त्यामुळे कॅप, बॅटरी, कार्ड हे सगळं हातात किंवा कमरेला खोचलेलं.

दोन पाडवे असे गेल्यावर मी कमरेची बॅग घेतली. रुंद पट्टा, त्यावर उजवीकडे एक उभी छोटी बॅग, लेन्स लावलेला एकच कॅमेरा मावेल एवढी. डावीकडे बॅटरी-कार्डाची पिशवी. पदर कमरेला खोचला की सगळं आवरतं. ही बॅग निवडताना झाकण कुठल्या बाजूला उघडतं ते बघितलं. झाकण अंगाकडे उघडत असेल तर ते तुमच्या आणि कॅमेऱ्याच्या मध्ये येतं आणि गर्दीत हात वाकडा करून आत घालावा लागतो. अंगापासून बाहेरच्या बाजूला उघडत असेल तर हात सरळ खाली जातो आणि ग्रिप, म्हणजे कॅमेरा धरायची जागा, सापडते. दिसायला एवढीशी गोष्ट, पण लेझीम खेळणारी मुलगी तुमच्यासमोर गिरकी घेते तेव्हा मान खाली घालून झाकण शोधायला वेळ नसतो. दुसरा कॅमेरा, जास्तीच्या लेन्स यांचा मी पाडव्याला विचारच सोडला. एका लेन्सने जे दिसेल ते टिपायचं. फोटो कमी येत नाहीत, उलट मी माणसांच्या जास्त जवळ जाते.

बॅग अंगावर नेसायची वस्तू आहे हे बातमीच्या छायाचित्रकारांना फार आधी कळलं होतं. 1970च्या दशकात फिलाडेल्फियातल्या एका वृत्तपत्रात काम करणाऱ्या जिम डोम्की यांनी स्वतःसाठी कॅनव्हासची मऊ, वरून उघडणारी बॅग बनवली. अंगाला बिलगणारी, वरून हात घालता येणारी. ती पुढे त्यांच्याच नावाने जगभर विकली गेली. तशी खांद्यावरची बॅग आजही लग्नाच्या हॉलमध्ये मला सगळ्यात सोयीची वाटते. मात्र एक गोष्ट लक्षात ठेवा. मंगलाष्टकं संपतात, अंतरपाट बाजूला होतो, त्या क्षणासाठी कुठलीच बॅग पुरेशी वेगवान नाही. तेव्हा कॅमेरा हातातच हवा, आणि अक्षता टाकायचं काम घरच्या दुसऱ्या कोणाकडे द्यावं.

जी बॅग तुमच्या हाताला पटकन उघडते ती दुसऱ्याच्या हातालाही पटकन उघडते, हे विसरू नका. लोकलमध्ये सॅक पुढे घ्यायची सवय आपल्याला असतेच. कॅमेऱ्याच्या सॅकला तर ती हवीच. पाठीच्या बाजूने उघडणारी सॅक इथे सगळ्यात सुरक्षित, कारण पुढे घेतली की तिचं तोंड तुमच्या छातीला चिकटतं. बाजूच्या दाराच्या चेनला छोटा हुक लावा, गर्दीत अडकवा, बाहेर पडल्यावर सोडा. आणि चेन अर्धी कधीच ठेवू नका. ठाणे स्टेशनच्या पुलावर दोन सेकंदांत कॅमेरा परत काढायचाय म्हणून मी बाजूचं दार उघडं ठेवून सॅक खांद्यावर टाकली. 50 मिमीची लेन्स बाहेर पडली आणि पायऱ्यांवरून घरंगळत गेली. एका अनोळखी माणसाने पायाने अडवली नसती तर तळापर्यंत गेली असती. पुढची कडा मात्र वाकली. तेव्हापासून सॅक खांद्यावर जायच्या आधी चेन बंद, मग पुढच्याच क्षणी उघडायची असली तरी.

येऊरला जाणाऱ्यांसाठी एक सांगणं आहे: वेल्क्रो नको. झाडीत स्वर्गीय नर्तक पक्षी समोरच्या फांदीवर येऊन बसलाय, पांढरी लांब शेपटी हलतेय आणि तुम्ही चर्रकन वेल्क्रो उघडलंत तर तो परत दिसायचा नाही, शिवाय शेजारी दबा धरून बसलेल्या माणसाचाही फोटो जातो. चेनच्या धातूच्या जिभा काढून तिथे दोरीची गाठ मारली की खुळखुळ थांबते.

पावसाचंही आधी बघून घ्या, कारण आपल्याकडे तो चार महिने असतो. रेन कव्हर पुढून, म्हणजे पाठीला न टेकणाऱ्या बाजूने, चढतं. पुढून किंवा बाजूने उघडणाऱ्या सॅकवर ते चढवलं की दार बंद झालं, कॅमेरा काढायला आधी कव्हर सोडवा. पाठीच्या बाजूने उघडणारी सॅक पावसातही उघडता येते. म्हणजे जी बॅग जानेवारीत हळू वाटते ती जुलैमध्ये सोयीची ठरते. मी पावसाळ्यात अजून ती जुनी सॅकच नेते. आणि घरी आल्यावर बॅग कितीही महागाची असली तरी कॅमेरा तिच्यात राहू देऊ नका. ओला फोम आतल्या आत दमट राहतो आणि लेन्सला बुरशी धरते. सामान बाहेर काढा, बॅग उघडी टाकून पंख्याखाली वाळवा.

बॅग आली की घरी डोळे मिटून कॅमेरा काढायचा सराव करा. दहा वेळा काढा, दहा वेळा ठेवा. ग्रिप नेहमी वर किंवा बाहेरच्या बाजूला यावी, कॅमेऱ्याची जागा कधीच बदलू नये. लेन्स लावलेलीच ठेवावी, हुड उलटं न लावता सरळ, वापरायच्या स्थितीत. त्यासाठी कप्पा थोडा मोठा लागतो, पण हुड फिरवण्यात जाणारा वेळ वाचतो. गळ्यातला लांब पट्टा आतल्या पडद्यात गुंततो, म्हणून मी मनगटाचा छोटा पट्टा लावते.

शेजारच्या मुलाला घेऊन मी सीएसएमटीजवळच्या बोरा बाजारात गेले. निघताना त्याला कॅमेरा, लेन्स, हुड सगळं बरोबर घ्यायला लावलं, कारण रिकामी बॅग दुकानात सगळ्यांच्याच अंगावर छान बसते. त्याने चार बॅगा भरून, घालून, उभ्या उभ्या उघडून बघितल्या. दुकानदाराने खुर्ची पुढे केली तेव्हा तो म्हणाला, "नको, टेकवायची नाहीये." शेवटी त्याने वरून उघडणारी, त्याला आधी आवडलेलीपेक्षा लहान सॅक घेतली. परतीच्या गाडीत ती पुढे घेऊन दारापासून लांब उभा होता आणि घाटकोपर ते मुलुंड डोळे मिटून चेनची दोरी चाचपत होता.

तुम्हालाही घ्यायच्या आधी घालून बघायची असेल तर माझ्या बॅगा घरीच आहेत. या, फक्त येताना तुमची सगळ्यात लांब लेन्स घेऊन या.