‘किती घेणार?’ हा प्रश्न बँकॉकमध्ये विचारू नका

गेल्या आठवड्यात सुटीवर नाशिकला आले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी जेल रोडच्या आमच्या घरी शेजारचे काका-काकू मुद्दाम भेटायला आले. जानेवारीत ते दोघेच, कोणत्याही टूरबरोबर न जाता, बँकॉकला निघाले आहेत. तिकिटे काढून झाली आहेत, हॉटेल ठरले आहे, भाजणीचे पीठ बरोबर न्यावे की नाही याचाही विचार झाला आहे. काकूंचा प्रश्न एकच होता. “विमानतळावर उतरल्यावर टॅक्सीवाल्याला किती द्यायचे तेवढे सांगून ठेव गं, म्हणजे आम्ही आधी ठरवूनच बसू.”

हे ‘ठरवून बसणे’ आपल्या इतके अंगवळणी पडले आहे की त्यात काही धोका असू शकतो, हे चटकन कोणाला पटत नाही. नाशिकरोड स्थानकातून बाहेर पडले की रिक्षावाल्याशी होणारे बोलणे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. सीटवर जायचे की स्पेशल करायची, सीबीएस की पंचवटी, सामान किती, आणि मग ‘किती घेणार?’. मीटरकडे कोणी पाहत नाही, आणि भाडे न ठरवता बसलेल्या माणसाला घरी गेल्यावर बोलणी खावी लागतात. मात्र ही पद्धत इथे चालते याचे कारण वेगळे आहे. नाशिकरोडहून सीबीएसला साधारण काय पडते ते रिक्षावाल्याला ठाऊक असते आणि आपल्यालाही ठाऊक असते, त्यामुळे घासाघीस होते ती दहा-वीस रुपयांची. परक्या देशात पहाटे उतरलेल्या माणसाला यातले काहीच माहीत नसते. तिथे ‘किती घेणार?’ असे विचारणे म्हणजे समोरच्याला कोरा कागद देऊन त्यावर आकडा लिहायला सांगण्यासारखे आहे.

हे मी माझ्या आईबाबांच्या अनुभवावरून सांगते आहे. मी बँकॉकमध्ये सात वर्षे राहते. तीन वर्षांपूर्वी आईबाबा पहिल्यांदा माझ्याकडे आले, तेव्हा नेमके कार्यालयातील कामामुळे मला विमानतळावर जाता आले नाही. सुवर्णभूमी विमानतळावर (थाई माणसे या नावाचा उच्चार ‘सुवन्नफूम’ असा काहीसा करतात) आगमनाचा दरवाजा दुसऱ्या मजल्यावर उघडतो आणि सरकारमान्य मीटर टॅक्सीची रांग पहिल्या मजल्यावर, म्हणजे जमिनीच्या पातळीवर असते. ‘एक मजला खाली उतरा’ असा निरोप मी पाठवला होता, परंतु तो वाचण्याआधीच गळ्यात ओळखपत्रासारखे काहीतरी अडकवलेला एक माणूस त्यांच्यासमोर हसतमुखाने उभा राहिला. त्याचा विमानतळाशी काही संबंध नव्हता, हे पुढे लक्षात आले. त्याने पत्ता पाहिला, आईची बॅग अदबीने हातात घेतली, आणि बाबांनी नाशिकरोडच्या सवयीने विचारले, “किती?” तो ८०० बात (बात हे थायलंडचे चलन) म्हणाला. बाबांनी बराच वेळ हुज्जत घालून ६०० वर आणले आणि समाधानाने गाडीत बसले. घराखाली गाडी थांबल्यावर तो म्हणाला, माणशी ६००. वाटेत टोलनाक्यावरचे ७५ बात बाबांनी स्वतः दिलेच होते. एकंदर १,२७५ बात गेले.

आता हिशोब पाहा. मी राहते त्या फया थाई भागापर्यंत मीटरवर साधारण अडीचशे ते तीनशे बात होतात. त्यावर विमानतळाच्या रांगेतून गाडी घेतल्याचा ५० बात अधिभार असतो, तो कायदेशीर आहे आणि मीटरवर दिसत नाही. द्रुतगती मार्गाने आल्यास टोलचे ७५ बात प्रवाशाने द्यायचे असतात. म्हणजे सगळे मिळून चारशेच्या आसपास. एका बातला साधारण अडीच रुपये धरले, तरी दोन हजारांहून अधिक रुपये जास्तीचे गेले.

पैशांपेक्षा मला लागले ते बाबांचे गप्प होणे. बाबा नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेले आहेत. ज्या माणसाने सारी नोकरी नोटा छापण्याच्या कारखान्यात, एकेका तावाचा हिशोब चोख ठेवून काढली, त्याला आपण पैशांत फसलो याचे फार वाईट वाटले. दोन दिवस ते माझ्याशी त्या विषयावर बोललेच नाहीत. म्हणून मी त्यांना प्रागची गोष्ट सांगितली. २००५ साली त्या शहराचे महापौर पावेल बेम इटालियन पर्यटकाचा वेश करून आपल्याच शहरातील टॅक्सीत बसले आणि त्यांच्याकडूनही नियमाच्या कितीतरी पट भाडे उकळले गेले. ज्या शहराचा कारभार ते स्वतः पाहत होते, तिथे केवळ परदेशी दिसल्यामुळे त्यांच्यावर ही वेळ आली. फसवणारा माणूस आपली बुद्धी तपासत नाही, तो फक्त आपले नवखेपण पाहतो. यात फसलेल्याने लाज वाटून घेण्यासारखे काही नाही.

बाबांच्या बाबतीत काय चुकले याचा विचार करताना मला जाणवले की ‘माणशी’ हा शब्द त्यांना खटकला नाही, कारण आपल्याकडे सीटवर भाडे देण्याची सवय आहे. नाशिकमध्ये निमाणी बसस्थानकाहून द्वारका चौकात सीटवर जाणाऱ्या माणसाला माणशी भाडे अगदी स्वाभाविक वाटते. मीटर टॅक्सीचे भाडे मात्र गाडीचे असते, आत एक जण बसो की तीन. दुसरे असे की बाबांनी २०० बात कमी करून घेतले, आणि त्या कमी करण्यामुळेच आपल्याला योग्य भाव मिळाला असे त्यांना वाटले. पहिला आकडा दुप्पट सांगायचा आणि गिऱ्हाइकाला तो उतरवू द्यायचा, ही युक्ती आपल्या बाजारातही आहे. बाजारात मात्र शेजारच्या गाळ्यावर जाऊन भाव विचारता येतो. विमानतळावर बॅग दुसऱ्याच्या हातात गेलेली असते.

म्हणून काकूंना मी सांगितले की भाडे विचारूच नका. बाहेर पडल्यावर जो स्वतःहून तुमच्याकडे येईल त्याच्याबरोबर जायचे नाही, मग त्याच्या गळ्यात काहीही असो. खोट्या मालाची जाहिरात मोठी म्हणतात तशातला तो प्रकार आहे, खऱ्या टॅक्सीवाल्याला विमानतळाच्या आत गिऱ्हाईक शोधत फिरावे लागत नाही. फलक पाहत पहिल्या मजल्यावर उतरायचे. तिथे ओळीने यंत्रे उभी असतात. पडद्यावर बोट लावले की एक चिठ्ठी बाहेर येते आणि तिच्यावर क्रमांक असतो. त्या क्रमांकाच्या खांबापाशी आपली गाडी उभी असते. ती चिठ्ठी चालकाच्या हाती द्यायची नाही, प्रवास संपेपर्यंत आपल्याजवळ ठेवायची, कारण गाडी कोणती आणि चालक कोण याचा तोच एक कागदी पुरावा असतो. बाबांच्या वेळी आम्ही तक्रार करू शकलो नाही, ते याच कारणाने. तिथल्या परिवहन खात्याचा १५८४ हा दूरध्वनी क्रमांक आहे, पर्यटक पोलिसांचा ११५५ आहे, पण सांगायला आमच्याकडे ना गाडीचा क्रमांक होता ना चालकाचे नाव.

गाडीत बसल्यावर मीटर ३५ बातपासून सुरू झाला आहे हे पाहायचे. तो बंद असेल तर ‘मीटर’ एवढाच शब्द पुरतो, थाई भाषेतही तो जवळपास तसाच आहे. मीटर बिघडला आहे, रस्त्यावर आज फार गर्दी आहे, रात्रीचे भाडे वेगळे असते, यांपैकी काहीही कानावर आले तर वाद न घालता, आवाज न चढवता उतरायचे आणि नवीन चिठ्ठी घ्यायची. तिथे आवाज चढवणे फार असभ्य मानले जाते आणि त्याने आपलेच काम बिघडते. पारपत्र आणि पैसे असलेली पिशवी डिकीत न टाकता मांडीवर ठेवावी, म्हणजे उतरणे सोपे जाते. हॉटेलचे नाव, पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक थाई लिपीत छापून घ्यावा, कारण रोमन लिपीतला पत्ता अनेक चालकांना वाचता येत नाही आणि त्यातून होणाऱ्या चुकीला आपण उगाच लबाडी समजतो.

नोटांबद्दल बाबांनीच काकांना सांगितले, आणि ते त्यांनी फार नीट सांगितले. वीसची हिरवी, पन्नासची निळी, शंभरची लाल, पाचशेची जांभळी आणि हजारची तपकिरी. त्यांनी आपल्या कपाटातून जपून ठेवलेली वीस आणि शंभरची नोट आणली आणि चहाच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. अंधाऱ्या गाडीत पाचशेची नोट दिली आणि चालकाने ‘तुम्ही पन्नासच दिले’ असे म्हटले, तर सिद्ध काय करणार? त्यामुळे नोट देताना आकडा मोठ्याने बोलायचा आणि समोरच्याने तो ऐकला आहे हे पाहूनच हात सोडायचा. विमानतळावर पैसे बदलताना शंभराच्या नोटा मागून घ्याव्यात, कारण हजाराची मोड चालकाकडे नसते हे पुष्कळदा खरेही असते.

मोबाइलवरून मागवलेली गाडी हा चांगला पर्याय आहे. ग्रॅब किंवा बोल्ट वापरायचे नसले तरी निदान त्यावर भाड्याचा अंदाज पाहून ठेवावा, म्हणजे आपल्या मनाशी एक आकडा तयार असतो. ‘मी ग्रॅबचाच आहे’ असे म्हणत कोणी पुढे आला तर गाडीचा क्रमांक पडद्यावरच्या क्रमांकाशी जुळल्याखेरीज पाऊल उचलू नये. सामान कमी असेल तर विमानतळाच्या तळघरातून सुटणारी रेल्वे सर्वांत चोख. ती फया थाईपर्यंत साधारण अर्ध्या तासात पोहोचवते आणि भाडे ४५ बात आहे. आईच्या दोन बॅगा, लाडवांचे डबे आणि चिवड्याची पिशवी यांच्यासह गर्दीच्या वेळी त्या गाडीत चढणे मात्र मी कोणाला सुचवणार नाही.

प्रत्येक शहराची रीत निराळी आहे आणि ती निघण्यापूर्वी घरी बसूनच पाहून घ्यावी लागते. पॅरिसमध्ये २०१६ पासून विमानतळ ते शहर हे टॅक्सीभाडे सरकारनेच ठरवून दिलेले आहे, नदीच्या कोणत्या काठाला जायचे यावर ते अवलंबून असते, आणि तिथे मीटरचा आग्रह धरणारा प्रवासीच चुकतो. न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळावरून मॅनहॅटनला जाणाऱ्या पिवळ्या टॅक्सीचेही मूळ भाडे ठरलेले आहे. दुबईच्या विमानतळावर मीटर २५ दिरहमपासून सुरू होतो, शहरात त्याहून कमी आकड्यापासून, त्यामुळे पहिला आकडा पाहून आपण फसलो असे समजू नये. व्हिएतनाममध्ये मीटरवर शेवटची तीन शून्ये गाळलेली असतात आणि त्या गाळलेल्या शून्यांचा गैरफायदा घेणारेही आहेत.

एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. बँकॉकचे बहुतेक टॅक्सीचालक ईशान्येकडील इसान भागातून आलेले आहेत, त्यांच्या घरी भातशेती आहे, आणि गाडी ते दिवसाच्या भाड्याने घेऊन चालवतात. विमानतळाच्या रांगेत तास-दोन तास थांबून एखादा जवळचा फेरा वाट्याला आला तर त्या दिवशी गाडीमालकाला द्यायचे पैसेही सुटत नाहीत. मीटर नाकारण्यामागे कित्येकदा हे असते. सात वर्षांत मला भेटलेल्या चालकांपैकी बहुसंख्य सरळ होते. एकाने माझी विसरलेली छत्री दुसऱ्या दिवशी इमारतीच्या पहारेकऱ्याकडे आणून दिली. मीटरवर आलेल्या रकमेपेक्षा दहा-वीस बात मी नेहमी वर देते आणि तुम्हीही द्यावेत असे मला वाटते.

यंदा नाशिकरोडला उतरले तेव्हा स्थानकाबाहेर पाठीवर मोठी पिशवी घेतलेली एक परदेशी तरुणी उभी होती आणि समोरच्या रिक्षावाल्यांना ‘मीटर? मीटर?’ असे विचारत होती. बँकॉकमध्ये मी सगळ्यांना शिकवते तोच शब्द तो होता, आणि इथे त्याचा काही उपयोग नव्हता. रिक्षावाले एकमेकांकडे पाहत होते. एकाने चारशे सांगितले. मी पुढे होऊन म्हटले, “काका, मी जेवढे देते तेवढेच तिच्याकडून घ्या.” ते क्षणभर थांबले, तिच्या हातातला हॉटेलचा पत्ता त्यांनी वाचला आणि म्हणाले, “ताई, दोनशे द्या म्हणावं, दारात सोडतो.” तिला आकडा मी कागदावर लिहून दिला. २०२७ च्या सिंहस्थात अशी किती माणसे या दरवाजातून बाहेर पडतील आणि त्यांना तो आकडा कोण लिहून देईल, हा विचार घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात होता. भाड्याचा एक ठळक फलक स्थानकाच्या दारात, मराठीबरोबर हिंदी आणि इंग्रजीतही लागावा, असे मला मनापासून वाटते.

काका-काकू उठता उठता बाबा पुन्हा आतल्या खोलीत गेले आणि आपली डायरी घेऊन आले. गेल्या वर्षी ते दुसऱ्यांदा माझ्याकडे आले, तेव्हा मी न्यायला येते म्हटले तरी त्यांनी ऐकले नव्हते. त्या दिवसाच्या पानात यंत्रातून आलेली ती चिठ्ठी घडी न पडता ठेवलेली होती. छपाई थोडी फिकट झाली आहे. तिच्याखाली बाबांनी निळ्या शाईने लिहिले आहे: मीटर २६९, अधिभार ५०, टोल ७५, एकूण ३९४. काकांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली आणि मोबाइलमध्ये तिचा फोटो काढून घेतला.