तुम्ही विचारलंत म्हणून: रोज चालतो, मग बसलो तर काय बिघडलं?

अँजिओप्लास्टी झालेले, बायपास झालेले, सगळे हेच विचारतात आणि जरा चिडूनच: "सकाळी पाऊण तास चालतो की! मग दिवसभर बसलो तर बिघडलं कुठे?"

चालता ते उत्तमच, ते सोडा असं कोण म्हणतंय? पण जागेपणीच्या १६ तासांतून ते वजा केले की सव्वापंधरा उरतात. पोटरी आवळते तेव्हा पायातलं रक्त वर ढकललं जातं. तासन् तास ती आवळलीच नाही तर रक्त पायात साचतं, गुडघ्यामागच्या धमनीतला प्रवाह मंदावतो आणि तिची गरजेनुसार रुंदावण्याची ताकद काही तासांतच उतरते. रक्तातली साखर नि चरबी उचलण्याचं स्नायूंचं कामही थंडावतं. सकाळच्या चालण्याने हे सगळं भरून निघत नाही.

मग पुढचा प्रश्न येतो, "हृदयाला विश्रांती नको का?"

१९६६ साली अमेरिकेत डॅलसला विशीतल्या ५ निरोगी तरुणांना ३ आठवडे अंथरुणात झोपवून ठेवलं होतं. उठल्यावर तपासलं, तर प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता पाव हिश्शाहून जास्त घटलेली. हृदय एका ठोक्याला ढकलायचं ते रक्तही कमी झालेलं. पुढे व्यायामाने ते भरून आलं. ३० वर्षांनी, पन्नाशीत, त्याच पाचांना पुन्हा तपासलं. वयाने ३० वर्षांत जेवढी क्षमता नेली होती, त्याहून जास्त त्या ३ आठवड्यांनी नेली होती! खुर्ची म्हणजे अंथरूण नव्हे, कबूल. आजारी हृदयाला विश्रांती लागते, तेही कबूल. पण विश्रांतीने नुकसान होतच नाही, हे मला मान्य नाही.

दर अर्ध्या तासाने दोन-तीन मिनिटं उठा. आधी बसल्या बसल्या पावलं १०-१५ वेळा वरखाली करा. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असताना ताडकन उठलं की दाब पडतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. खुर्चीच्या कडेला सरका, पावलं मागे घ्या, पुढे झुकून पायांच्या जोरावर उठा. बायपासनंतर छातीचं हाड जुळेपर्यंत, म्हणजे साधारण ८ ते १२ आठवडे, हातांवर भार नको. उभं राहिल्यावर क्षणभर थांबा, मग आधार धरून १० वेळा टाचा उचला नि घरातल्या घरात चाला. बीटा ब्लॉकर, म्हणजे हृदयाचे ठोके मंद ठेवणारी गोळी, चालू असेल तर नाडीचे आकडे फसवतात. चालताना सलग बोलता येतंय ना, एवढं बघा. छातीवर दाब आला तर तिथेच बसा, जिभेखालची गोळी दिलेली असेल तर बसूनच घ्या. ५ मिनिटांत उतार नाही पडला तर रुग्णवाहिका बोलवा.

किती तास बसलेलं चालेल, याचा आकडा मागू नका. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत तो दिलेला नाही. बसणं कमी करा, त्या जागी हलकी का होईना हालचाल करा, असं त्यात म्हटलंय. अर्ध्या तासाचा आग्रह माझा, कारण तासाभराचा गजर लावला की लोक तो हटकून पुढे ढकलतात.